चिठ्ठीत नसलेली चूक

आमच्या केंद्रात एक जहाज आहे आणि ते चौदा वर्षांत इंचभरही पुढे गेलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून उजवीकडे, पाण्याच्या कूलरच्या पलीकडचं दार. आत गेलं की जहाजाचा ब्रिज, म्हणजे ज्या खोलीतून जहाज चालवतात ती खोली. मधोमध सुकाणू, बाजूला दोन रडार, मागे नकाशाचं टेबल आणि समोर अर्धगोलात पडदे, त्यांवर समुद्र. फरशी जागची हलत नाही, पण पडद्यावरचा समुद्र वरखाली व्हायला लागला की भलेभले अधिकारी कठडा धरतात. एकाला तर खरीखुरी उलटी झाली होती. ती मी पुसली, कारण आमचे सफाईवाले जेवणानंतर दुसरा मजला ओळखत नाहीत.

ब्रिजच्या मागे काच आणि काचेमागे मी. मी ऑपरेटर. मला आतले दिसतात, त्यांना मी दिसत नाही. धुकं मी पाडते, वारा मी सोडते, ऐन वळणावर इंजिन मी बंद पाडते. रेडिओवर पलीकडून कोणीही बोललं तरी ती मीच असते: सकाळी इंजिनरूममधला वैतागलेला चीफ, दुपारी जहाज ओढणाऱ्या बोटीवरचा टगवाला, अधूनमधून बंदराच्या कंट्रोलमधला तो माणूस, जो कधीच कुणाचं ऐकून घेत नाही. माझा आवाज मुळातच घोगरा, त्यामुळे संशय येत नाही. माझी बहीण म्हणते, दिवसभर दहा जणांच्या वतीने बोलतेस आणि स्वतःची वेळ आली की तुझी दातखीळ बसते. हे ती आमच्या जिन्यातल्या भाडेकरूंच्या भांडणावरून म्हणाली होती, पण म्हणाली ते खरं आहे आणि त्यापायी एक माणूस मेला. आढेवेढे न घेता सांगते. मला सरांना एक वाक्य सांगायचं होतं. सात महिने ते माझ्या ओठांवर होतं आणि सात महिने मी ते गिळत राहिले.

सर म्हणजे आमचे मुख्य प्रशिक्षक. जुने कॅप्टन. उंच, किंचित वाकलेले, हात कायम पाठीमागे बांधलेले. जेवण उभ्याने, खिडकीशी. मी एकदा म्हटलं, "सर, खुर्च्या आपल्या बापाच्याच आहेत, बसा की." तर म्हणाले, "बाई, तीस वर्षं उभ्याने जेवलो. आता बसलो तर पोटाला वाटेल मी आजारी आहे." शिकायला येणारे अधिकारी त्यांना पाठीमागे बोला-सर म्हणत, कारण त्यांच्या तोंडी दर पाच मिनिटांनी 'बोला' असे. त्यांना ते टोपणनाव माहीत होतं आणि आवडतही होतं. त्यांच्या कोर्सचं सरकारी नाव इतकं लांबलचक की सर्टिफिकेटवर दोन ओळी खातं. मानवी घटक, समन्वय, संसाधन, काय काय. सर पहिल्या दिवशी फळ्यावर तीनच शब्द लिहीत: दिसलं ते बोला. मग खडू ठेवून हात झटकत आणि म्हणत, "झाला कोर्स. उरलेले चार दिवस आपण हे तुमच्याच्याने का होत नाही ते बघू."

त्यामागे त्यांचं स्वतःचं दुखणं होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या जहाजाने एक मासेमारी बोट कापली. बोटीवरचे चौघे बुडाले. ड्यूटीवरच्या कनिष्ठ अधिकाऱ्याला ती बोट रडारवर तीन मिनिटं आधी दिसली होती. तो काही बोलला नाही, कारण त्याच दिवशी सकाळी सरांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, की सारख्या शंका काढू नकोस, मला डोळे आहेत. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्हालाही दिसली असेल." सरांनी त्यानंतर जहाज सोडलं. शिक्षा झाली नव्हती, तरी सोडलं. ते दर तुकडीला ही गोष्ट सांगत, आवाज न चढवता, आणि शेवटी म्हणत की त्या पोराची काही चूक नव्हती, त्याचं तोंड मीच सकाळी शिवलं होतं.

त्यांची शिकवायची पद्धत अशी. सरावात ते स्वतः कॅप्टन होत आणि मुद्दाम चुका करत. कधी वेग कमी करायला विसरत, कधी खूण चुकीची ओळखत, कधी सुकाणू उलट्या बाजूला फिरवायला सांगत. आमच्याकडे पोर्ट-स्टारबोर्ड म्हणतात, इथे आपण डावं-उजवं म्हणू. सोबतच्या अधिकाऱ्याने ती चूक पकडून मोठ्याने बोलायचं. पहिल्यांदा नम्रपणे, ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा ठामपणे, तरी ऐकलं नाही तर हुकूम आपल्या हातात घ्यायचा. बोलला की सर बाजूला होत, "जहाज तुमचं" म्हणत आणि खरोखर खूश होत. ज्याने त्यांना सगळ्यांत जोरात टोकलं त्याला ते संध्याकाळी स्वतःच्या हाताने चहा करून देत. चहा अगदीच पाणचट असे, पण तो मिळालेले लोक अजून त्याबद्दल बोलतात.

आता या मुद्दाम केलेल्या चुका मला आधी माहीत असायला लागतात, नाहीतर मी भलतंच वादळ सोडायची. म्हणून दर सरावाआधी सर मला एक चिठ्ठी देत. त्यावर वेळ आणि चूक. 'दहा वीस, वेग कमी करणार नाही.' 'दहा पन्नास, चुकीचा दिवा.' मी ती चिठ्ठी कीबोर्डखाली सरकवून ठेवी आणि संध्याकाळी फायलीत लावी. चौदा वर्षांत चिठ्ठीबाहेर एकही चूक झाली नव्हती. म्हणजे असं, की त्या इमारतीत सरांची कुठली चूक खोटी आणि कुठली खरी, हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं, ती मी.

तो सोमवार होता. सरावाला एक चीफ ऑफिसर बाई होत्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, पण नजर तिखट. आमच्याच बंदरात शिरायचा सराव, ओहोटीचा जोर, पुढे वळण. चिठ्ठीत एकच चूक होती, सव्वाअकराला वेगाची. ती झाली, बाईंनी टोकलं, सर खूश झाले. सराव संपायला वीस मिनिटं राहिली. वळणाशी आल्यावर सर म्हणाले, "डावीकडे वीस."

म्हणजे सुकाणू डावीकडे वीस अंश, आणि डावीकडे दगडी बांध होता. मी चिठ्ठी काढून पाहिली. उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

"सर, डावीकडे बांध आहे," बाई म्हणाल्या. "उजवीकडे हवं."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरच होता. झोपेतून कुणी गदागदा हलवून उठवल्यावर माणूस बघतो, तसं. मग ते म्हणाले, "मी सांगतोय तसं करा." चौदा वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी खोटं खोटं पुष्कळदा ऐकलं होतं. हे तसलं नव्हतं. बाईंनी शिकवल्याप्रमाणे दुसऱ्यांदा सांगितलं, मग स्वतःच सुकाणूवाल्याला उजवीकडचा हुकूम दिला आणि जहाज वाचलं. सर कठडा धरून उभे राहिले. हात न सोडताच म्हणाले, "जहाज तुमचं."

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ते माझ्या खोलीत आले. प्रत्येक सराव रेकॉर्ड होतो, नंतर तो लावून चर्चा करतात. "शेवटची वीस मिनिटं लावा," म्हणाले. मी लावली. उभ्यानेच पाहिली त्यांनी. "परत लावा." परत लावली. मग पडदा तसाच थांबून राहिला, त्यात सरांचा तो चेहरा.

"बाई," ते म्हणाले, "हे मी मुद्दाम केलं ना?"

मी काय सांगायला हवं होतं ते या केंद्रातला पहिल्या दिवसाचा विद्यार्थीही सांगेल. फळ्यावर ते लिहिलेलं असतं. पण त्यांनी ज्या आवाजात विचारलं तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांना उत्तर नको होतं, त्यांना हात हवा होता. चौदा वर्षांपूर्वी माझी रेडिओ दुरुस्तीची नोकरी गेली आणि मी इथे अर्ज केला तेव्हा, बाईमाणूस रात्रीबेरात्री सिम्युलेटर कसा सांभाळणार असं प्राचार्य म्हणाले होते, आणि सर म्हणाले होते, "मग पुरुषमाणसं तरी काय सांभाळतात ते मी बघितलंय." माझा सख्खा मोठा भाऊ माझ्यासाठी इतकं कधी बोलला नाही. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "हो सर. मुद्दामच."

"चिठ्ठीत होतं?"

"होतं की."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. "मला वाटलंच," म्हणाले आणि जेवायला गेले. मी त्यांच्या चिठ्ठीवर त्यांच्यासारख्याच अक्षरात खाली एक ओळ लिहिली, 'अकरा चाळीस, डावीकडे वीस', आणि फायलीत लावली. त्या चीफ ऑफिसर बाईंना संध्याकाळी चहा मिळाला. त्या खूश, सर खूश, प्राचार्य खूश. कुणाचं काही बिघडलं नाही. खोटं बोलण्यात मला सगळ्यात जास्त फसवलं ते याच गोष्टीने.

पुढे मी सराईत झाले. आठवड्यातून एक चूक, मग दोन. सर चिठ्ठी देत, सराव होई आणि संध्याकाळी मी त्यात भर घाली. त्यांचा 'स' मला इतका छान जमायला लागला की मी माझ्या किराणा-यादीतही तसा काढू लागले. एकदा ते कूलरसमोर ग्लास घेऊन उभे दिसले. बराच वेळ उभे होते. मी जाऊन नळ दाबला, ग्लास भरला, हातात दिला आणि हवापाण्याचं काहीतरी बोलले. एकदा एका विद्यार्थ्याला त्यांनी बावीस वर्षांपूर्वीच्या त्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने हाक मारली आणि म्हणाले, "सकाळचं मनावर घेऊ नकोस." विद्यार्थ्याला वाटलं हाही परीक्षेचाच भाग. त्याने वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं होतं, की या खोलीत त्यांच्या चुकीने कुणाचं काय वाकडं होणार? इथे बांध आपटला तरी पडदाच विझतो. एवढंच असतं तर मी आजही त्याच खुर्चीवर बसून खोट्या ओळी लिहीत असते. पण सर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी, वर्ग दुपारी ठेवून, बंदरात पायलट म्हणून जात. पायलट म्हणजे परक्या जहाजावर चढून त्याला बंदरातली वाट दाखवणारा, धक्क्याला लावून देणारा माणूस. ते जहाज पडद्यावरचं नसतं.

आमच्या इमारतीच्या गच्चीवरून बंदराचा रस्ता दिसतो. मंगळवारी आणि शुक्रवारी मी गच्चीवर जायला लागले. पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या फटीत उभी राहायची. सरांचं जहाज वळण घेऊन धक्क्याला लागेपर्यंत माझा जीव टांगणीला. दोर बांधले गेले की खाली यायची आणि चहा घ्यायची. मनाची समजूत काढायची, की तिथे ब्रिजवर जहाजाचा स्वतःचा कॅप्टन असतो, अधिकारी असतात, त्यातले अर्धे तर सरांकडूनच शिकलेले, कुणीतरी बोलेलच. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल. कुणीतरी बोलेलच.

मध्येच एक दिवस वहिनी आल्या, सरांच्या पत्नी. सर चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला. त्या ठेवणीतल्या आवाजात बोलणाऱ्या, पण त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन नुसत्याच बसल्या. मी चहा मागवला. त्यांनी चष्म्याची डबी चार वेळा उघडली आणि मिटली.

"तुमच्याकडे बरे असतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो, बरे असतात. घरी?"

"घरी काय, घरी बरेच असतात." मग डबीकडे बघत, "परवा मला म्हणाले, तुमची गाडी किती वाजता आहे."

"थट्टा करतात हो सर," मी म्हणाले.

"थट्टाच," वहिनी म्हणाल्या. "पूर्वीपासून थट्टेखोर आहेत."

आम्ही दोघी चहा प्यायलो. त्या मला विचारायला आल्या होत्या की सांगायला, ते मला कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं नसावं. जाताना त्या म्हणाल्या, "काही वाटलं तर सांगाल ना मला? तुम्ही दिवसभर बरोबर असता." मी मान हलवली. त्यांच्या मनात तेच होतं जे माझ्या मनात होतं, की पलीकडचीला जास्त माहीत आहे आणि ती गप्प आहे, म्हणजे एवढं काही नसेल. अशा गप्प बसण्याने बुडालेली कितीतरी जहाजं सर दर सोमवारी फळ्यावर काढून दाखवत आणि मी काचेमागून ऐकत असे.

तो शुक्रवार. सकाळचे अकरा, स्वच्छ ऊन, वारा नाहीच. मालवाहू जहाज होतं, मोठं. वळणापर्यंत झकास आलं. मग मी पाहिलं, की त्याचं नाक डावीकडे सरकायला लागलं. मी चौदा वर्षं तेच वळण पडद्यावर बघत आलेय, मला सेकंदात कळलं. "उजवीकडे," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, गच्चीवर, टाक्यांना. आधी ठामपणे आणि मग ओरडून. सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडून ते बाहेर पडलं आणि ऐकायला कुणी नव्हतं. जहाज वळत गेलं, मग मागे पाणी उसळलं, म्हणजे कुणीतरी इंजिन उलटं टाकलं होतं, पण एवढं धूड असं थांबत नाही. धक्क्याचा कोपरा आत गेला. आवाज नंतर आला.

धक्क्यावर दोर घ्यायला उभा असलेला एक माणूस त्यात गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता, दोन मुली. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता, ओळखपत्रावरचा, घाबरलेल्या चेहऱ्याचा असतो तसा. त्याच्या घरी मी गेले नाही. पत्ता मला माहीत आहे.

जहाजावरचा सेकंड ऑफिसर आमचाच विद्यार्थी, दोन वर्षांपूर्वीचा. तो नंतर मला भेटायला केंद्रात आला. प्राचार्यांनी त्याला खालीच थांबवलं होतं, मी जिन्यात भेटले. त्याचे ओठ फुटले होते, सारखे चावून.

"मॅडम, मला दिसलं होतं," तो म्हणाला. "सर डावीकडे म्हणाले ना, तेव्हा मी हसलो. हसलो मी. मला वाटलं, सरांनी मला ओळखलंय आणि परीक्षा घेतायत. मग मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते माझ्याकडे बघतच नव्हते. मग बोललो. दोनदा बोललो. कॅप्टनने मग इंजिन उलटं टाकलं." त्याने पुन्हा ओठ चावला. "रेकॉर्डरमध्ये निघालंय. अकरा सेकंद उशीर झाला मला."

त्या अकरा सेकंदांवरच सगळं आलं. चौकशी बसली. धक्क्याजवळच्या कार्यालयात एक लांबट खोली, टेबलावर हिरवं कापड, झाकण घातलेले पाण्याचे ग्लास, तीन सदस्य. मधले अध्यक्ष जुने कॅप्टन होते. कोपऱ्यात एक कारकून प्रत्येक शब्द टिपत होता. सर सुटात आले होते, टायची गाठ वहिनींनी बांधली होती हे कळत होतं. वहिनी मागच्या रांगेत बसल्या. डॉक्टरांचा अहवाल वाचला गेला, की आजार आहे, वाढत जाणारा आहे, पण अपघाताच्या दिवशी तो किती होता हे आज सांगता येत नाही.

मग आमचे प्राचार्य उठले. केंद्राची अब्रू त्यांच्या हातात होती आणि ती त्यांनी फायलीच्या रूपाने आणली होती. माझी फाईल. चिठ्ठ्यांची. "सरांच्या सरावातली प्रत्येक चूक पूर्वनियोजित होती," ते म्हणाले. "अपघाताच्या आदल्या सोमवारपर्यंत. आपण पाहू शकता, त्यांच्याच अक्षरात. एकही चूक चिठ्ठीबाहेर नाही. असा माणूस चार दिवसांत अकार्यक्षम होतो का? उलट, अकरा सेकंद गप्प बसणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल विचार व्हावा." फाईल टेबलावरून एकेका सदस्याकडे गेली. एकाने चिठ्ठी उजेडात धरली आणि मान डोलावली. भिंतीशी उभ्या असलेल्या सेकंड ऑफिसरने डोळे मिटून घेतले. मला माझाच 'स' लांबून दिसत होता.

अध्यक्षांनी सरांना विचारलं, "आपल्यात काही फरक पडतोय, असं आपल्याला कधी जाणवलं?"

"कधीकधी शंका यायची," सर म्हणाले. त्या दिवशी ते छान बोलत होते, पूर्वीसारखे. "पण मला कुणी काही म्हणालं नाही. घरी नाही, केंद्रात नाही. कुणी एक शब्द बोललं असतं तर मी त्याच दिवशी थांबलो असतो."

ते माझ्यावर टोमणा मारत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांना सात महिन्यांपूर्वीचा तो सोमवार आठवतच नव्हता. त्या खोलीत ती दुपार माहीत असलेली मी एकटी उरले होते, आणि मी गप्प बसले असते तर ती दुपार कधी झालीच नसती. भिंतीशी उभा होता त्याचा परवाना गेला असता, सरांच्या नावाला धक्का लागला नसता, माझी नोकरी राहिली असती. हे सगळं माझ्या मनात आलं. मी काही थोर नाही. मी उठले तेव्हाही मला मनापासून वाटत होतं की कुणीतरी मला बसा म्हणावं.

"त्या चिठ्ठ्या मी लिहिल्यात," मी म्हणाले. "सगळ्या नाही. खालच्या ओळी. सात महिन्यांच्या."

प्राचार्य म्हणाले, "बाई, तुम्ही बसा." आता मला बसवत नव्हतं. मी त्या पहिल्या सोमवारपासून सांगितलं. बांध, डावीकडे वीस, कोरी मागची बाजू. कूलर सांगितला. गच्ची सांगितली. मग म्हणाले, "आणि त्यांनी विचारलं होतं. मलाच विचारलं होतं, हे मी मुद्दाम केलं ना. मी हो म्हणाले. ते थांबायला तयार होते. मी त्यांना थांबू दिलं नाही."

मागे वहिनींच्या तोंडून हुंदका निघाला आणि त्यांनी तो तिथेच दाबला. अध्यक्षांनी चष्मा काढला. मग ते सरांकडे वळले.

"या म्हणतात ते खरं आहे का, कॅप्टन? आपण यांना असं विचारलं होतं?"

सरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. प्रेमाने बघितलं, ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं. त्यांनी आठवून बघायचा प्रामाणिक प्रयत्न केला, ते दिसत होतं, कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी तो सोडून दिला.

"मला आठवत नाही," ते अध्यक्षांना म्हणाले. "पण बाई म्हणतायत ना, मग तसंच झालं असणार. बाई माझ्याशी कधी खोटं बोललेल्या नाहीत."

कारकुनाने तेही लिहून घेतलं.